खेळ जातले काय?

श्रावण अर्ध्यावर आला की आमच्या पार्से गावात चित्रशाळेच्या बाजूने ओल्या चिकणमातीचा वास यायला लागतो. चवथीच्या गणपतींचं काम सुरू झालेलं असतं. चित्रशाळेच्या दारावरून जाताना माझी पावलं अजून मंदावतात, पण नजर मूर्तींकडे जात नाही, मूर्तींखालच्या पाटांकडे जाते. आमच्याकडे ज्याने त्याने आपल्या घरचा पाट नेऊन द्यायचा आणि त्याच पाटावर त्याच्या घरचा गणपती घडायचा, अशी रीत आहे. देव सोडून पाट बघत उभी राहणारी गावात मी एकटीच असेन. ही खोड मला भाईने लावली. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ.

यंदा माझी लेक पुण्याहून महिनाभर घरी आली आहे. कामही बरोबर घेऊन आली आहे. सकाळी उंडे पाव आणि चहा झाला की ती लॅपटॉप मांडून जनेलात बसते. खिडकीला आम्ही जनेल म्हणतो, आणि ती पुण्यातही म्हणते, मैत्रिणी हसतात तरी. तिचं काम काय ते तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. सणासुदीत व्हिडिओ गेमची यंत्रं किती खपतील, कुठला खेळ चालेल, कुठला पडेल, याचा अंदाज आधीच बांधून द्यायचा. त्यासाठी म्हणे मोठमोठी गणितं असतात.

परवा मी विळीवर खोबरं काढत होते. ती म्हणाली, "आई, जरा आवाज कमी कर ना. दिवाळीला किती जातील ते आज द्यायचंय."

किती जातील! माझा हात विळीवरच थांबला. हा प्रश्न या घरात पूर्वी विचारला गेला आहे. याच खेळांबद्दल, याच जनेलाशी.

तेव्हा गोवा राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. आपली भाषा मराठी की कोंकणी यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते, असे ते दिवस. आमच्या घरात मात्र दोन्ही बाजू एका ताटात जेवत होत्या. बाबा इथलेच, कोंकणी बोलणारे. आई पत्रादेवीच्या हद्दीपलीकडची, सावंतवाडीकडून आलेली, तिची मालवणी. वाचायचं, लिहायचं, देवाची आरती म्हणायची ती मराठीत. भांडण झालं तर दोघंही आपापल्या भाषेत भांडत आणि कुणाचं काही अडत नसे. अडायचं ते एका शब्दापाशी.

आईच्या मालवणीत 'जातले' म्हणजे जातील. बाबांच्या कोंकणीत 'जातले' म्हणजे होतील. कुणी जाणार असेल तर बाबा 'वतले' म्हणत. आई नवी नवरी होती तेव्हा सासूने तिला विचारलं होतं, "जेवण केन्ना जातलें गो?" म्हणजे स्वयंपाक कधी होईल. आईने चुलीवरच्या भाताकडे बघत घाबरून विचारलं, "जेवाण खय जातला?" हा किस्सा आमच्याकडे दर चवथीला नव्याने सांगितला जाई, आणि दर वेळी आई नव्याने रागावत असे.

बाबांचं पेडण्याच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक बाक, एक कदेल आणि पोट उघडून ठेवलेले रेडिओ. त्या खुर्चीला बाबांनी कधी खुर्ची म्हटलं नाही, कदेलच. भाई शिकला आणि त्यांच्या शेजारी बसायला लागला, पण दोन माणसं बसावीत एवढं काम दुकानात नव्हतं. ते बाबांनाही कळत होतं आणि भाईलाही. दोघंही त्याबद्दल बोलत नसत, म्हणून जेवताना फार शांतता असे.

मग भाई एकदा वास्कोला गेला आणि खोकी घेऊन आला. बंदरात बोटीवरची माणसं परदेशातून आणलेल्या वस्तू विकत, त्यांतलेच हे टीव्हीचे खेळ. राखी रंगाचं चपटं यंत्र, त्याला वायरीने बांधलेले दोन रिमोट, रंगीत कॅसेटी आणि बदकं मारायचं एक पिस्तूल. भाईने घरच्या टीव्हीला वायर जोडली. पडद्यावर एक बुटका माणूस टुणटुण उड्या मारत धावायला लागला. आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्यो धावता खय?" भाई म्हणाला, "पुढे." आई म्हणाली, "पुढे काय हा?" ते भाईलाही सांगता येईना.

बाबांनी पिस्तूल हातात घेतलं, एक बदक पाडलं, स्वतःवरच खूश झाले आणि मग एकदम गंभीर झाले. चवथीपर्यंत हे खेळ खपले तर दुकानाला नवी बाजू फुटेल आणि दोघांचं त्यात भागेल, असं ते म्हणाले. नाही खपले तर भाईने बोटीवरच्या नोकरीचं बघावं. वास्कोच्या एका ओळखीच्या माणसाने ती नोकरी देऊ केली होती. बोट म्हणजे वर्षातले नऊ-दहा महिने समुद्र. मला त्या रात्रीपासून एकच गोष्ट हवी होती. खेळ जावेत आणि भाई राहावा.

हे मी स्पष्टच सांगते, कारण आमच्या पिढीत भावाबद्दल असं बोलायची पद्धत नव्हती. भाई घरात असला की घर भरल्यासारखं वाटे. तो गात बेसूर असे, पण गात असे. माझ्या केसांच्या रिबिनीने तो वायरी बांधायचा. मला 'बाय' म्हणून हाक मारायचा, आणि त्या हाकेत पुढच्या चेष्टेची सुरुवात आधीच झालेली असे. तो नसलेलं घर मला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं.

तर अंदाज. भाईचं म्हणणं, दुकानात बसून गिऱ्हाईक कळत नाही, चित्रशाळेत कळतं. तो मला बरोबर घेऊन जायचा. बाहेर पावसाची झड, आत मातीचे ढीग आणि भिंतीला लावून उभे केलेले गावभरचे पाट. भाई त्यांच्यासमोर असा उभा राही की बघणाऱ्याला वाटावं, केवढा भक्त आहे.

"पळय बाय," तो हळूच म्हणे, "बघ, हा पाट गेल्या वर्षीपेक्षा मोठा. म्हणजे मूर्ती मोठी. म्हणजे त्यांचा झिलगा आखातातून येतोय. तिथे एक खेळ नक्की."

"आणि हा?"

"हा दीड दिवसाचा गणपती. पोरं जमतात न जमतात तोच विसर्जन. तिथे नको." मग तो एका जुन्या, काळ्या पडलेल्या पाटापाशी थांबे. "हे मूळ घर. पाच दिवस गणपती, सगळी भावकी एका छपराखाली. इथे एक खेळ गेला की पाच दिवस सगळी पोरं त्याच्यावर पडून राहणार, आणि घरी परत गेल्यावर प्रत्येकजण बापाच्या मागे लागणार. इथे एक दिला तर मागून चार जातील."

माझी लेक परवा असंच काहीसं म्हणाली. एकाच्या घरी यंत्र आलं की मित्रांच्या घरी किती दिवसांनी येतं, त्याचं म्हणे सूत्र आहे. मी तिला पाटांचं सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "मग? अंदाज बरोबर आला का?" खरं उत्तर द्यायचं तर मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षी अंदाज बांधण्यात सगळं घर सामील झालं होतं. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवणारा माझा मामा रविवारी यायचा. खाणीवर चवथीचा बोनस मिळतो की नाही, ती बातमी त्याच्याकडून. "मिळतलो रे, मिळतलो," असं म्हणत तो स्वतः जमिनीवर मांडी घालून बदकं मारत बसायचा आणि जेवायला उठायचा नाही. भाई म्हणे, मामा हाच खरा पुरावा. डिचोलीतले सगळे ट्रकवाले असेच असतील तर खेळ पुरणार नाहीत.

आईचा या कशावर विश्वास नव्हता. ती सरळ गावच्या देवळात गेली आणि तिने देवीला प्रसाद लावला, म्हणजे कौल मागितला. भटजींनी देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, आईने हात जोडून विचारलं, "खेळ जातले काय?" थोड्या वेळाने उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे होय. आई धावत घरी आली. "देवी म्हणाली, जातले!"

बाबा रेडिओच्या पोटात बघत होते. ते म्हणाले, "जातले? कितें जातले?"

आईने कपाळावर हात मारला. भाई हसून लोटपोट झाला. मग आई-बाबांचा वाद लागला की देवी नेमकी कुठल्या भाषेत बोलली. खेळ विकले जातील असं म्हणाली, की खेळ होतील, घरोघर खेळले जातील, असं म्हणाली? भाई म्हणाला, दोन्ही अर्थ आपल्या फायद्याचेच, भांडता कशाला. मीही देवीला मनातल्या मनात हात जोडले. जाऊ देत गं सगळे. एकही राहू देऊ नकोस.

आणि चवथ आठवड्यावर आली असताना आमच्या शेजारच्या मोठ्या भावकीतले एक आजोबा गेले. वय झालं होतं, कुणी अकाली गेलं असं नव्हतं. पण ती भावकी अर्ध्या गावाएवढी. सगळ्यांना सूतक लागलं. ज्या पाटांवर भाईने सगळ्यात जास्त भिस्त ठेवली होती, ते नेमके त्याच भावकीचे.

आम्ही चित्रशाळेत गेलो तेव्हा त्यांचे गणपती एका कोपऱ्यात सरकवलेले होते. अंग रंगवून झालेलं, पितांबर पिवळं, शेले तांबडे, पण डोळ्यांची आखणी राहिलेली. यंदा त्या घरांत गणपती पुजणार नव्हते, म्हणून डोळे उघडायचे नव्हते. ते बिनडोळ्यांचे गणपती ओळीने आमच्याकडे तोंड करून बसले होते. मला रडू आलं. भाईला वाटलं मी देवासाठी रडतेय. मी त्याच्यासाठी रडत होते. आता हा बोटीवर जाणार, एवढंच मला दिसत होतं.

बाबा त्या संध्याकाळी म्हणाले, "आमी पाट पळयले, पूण मरण कोण पळयता?"

लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अशा गोष्टी आम्हाला धरता येत नाहीत, आई. त्या सोडूनच द्याव्या लागतात." तिच्या आवाजात थोडी खंत होती. तिचाही मागच्या वर्षीचा एक अंदाज कशानेतरी चुकला होता म्हणे. मी तिला आणखी एक चपटी खोबऱ्याची वडी दिली. चुकलेल्या अंदाजावर आमच्या घरात पूर्वीपासून हाच उपाय आहे.

पण ऐका, पुढे काय झालं. चवथीला दोन-तीन दिवस उरले असतील. पेडण्याच्या बाजारात माटोळीचं सामान आलं होतं. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या त्या चौकटीला लावायची रानफळं, मोठ्या लिंबांसारखी तोरिंगं, सुपाऱ्यांचे घड, केळीचे लोंगर, त्यांचा तो हिरवा, आंबूस वास. दुकानात खेळांची खोकी तशीच रचलेली. आणि त्या सुतकी भावकीतला एक माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. आत येईना.

"भाई," तो म्हणाला, "तो टीव्हीचो खेळ दी पळोवया."

भाईने चमकून बघितलं. माणूस ओशाळला. मग त्याने सांगितलं. आजोबा त्यांच्या लांबच्या नात्यातले, रडू कुणालाच आलेलं नाही. पण चवथ नाही म्हणजे काहीच नाही. शाळेला सुट्टी, घरात नेवऱ्या-करंज्या नाहीत, माटोळी नाही, आरती नाही, फटाके नाहीत. शेजारच्या घरात टाळ वाजणार आणि आपली पोरं दारात बसून ऐकणार. "भुरग्यांक कितें तरी जाय मरे," तो म्हणाला. पोरांना काहीतरी हवं ना.

देवाला सूतक लागतं, खेळाला लागत नाही. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ज्या घरांना आम्ही अंदाजातून पुसून टाकलं होतं, तीच घरं एकेक करून दुकानाच्या पायरीवर आली. कुणी छत्रीच्या आडून, कुणी दुसऱ्याच्या नावाने. मामा डिचोलीहून ट्रकवाल्या मित्रांना घेऊन आला. चवथीच्या आदल्या दिवशी, हरताळकेच्या दुपारी, भाई रिकामं खोकं डोक्यावर घालून बाजारातून घरी आला. सगळे गेले होते. पिस्तूलसुद्धा.

तेवढी आनंदाची चवथ मी पुन्हा पाहिली नाही. आईने नेवऱ्या तळल्या, बाबांनी आरतीत नको तिथे आवाज चढवला. रस्त्यापलीकडच्या सुतकी घरांतून आरतीऐवजी त्या बुटक्या माणसाच्या उड्यांचा टिंग टिंग आवाज येत होता. मी माटोळीखाली उभी राहून भाईकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, राहिला. माझा भाऊ राहिला.

गणपती पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. भाई तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्याच भाषेत म्हणाला, "आये, मी जातलंय."

आईचे हात थांबले. आत बाबा दाढी करत होते. त्यांना अर्धंमुर्धं ऐकू आलं. त्यांनी आतून विचारलं, "कितें जातलें?"

काय होणार, असं ते विचारत होते. आई पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

मी भाईच्या मागे विहिरीपर्यंत गेले. म्हटलं, सगळे खेळ गेले की रे. मग आता कशाला? त्याने पोहरा विहिरीत सोडला आणि माझ्याकडे न बघता बोलत राहिला. ती नोकरी त्याने पहिल्याच फेरीत, खोकी आणायला गेला तेव्हाच घेतली होती. त्याला जायचंच होतं. समुद्र बघायचा होता, त्या उड्या मारणाऱ्या माणसासारखं पुढे काय आहे ते बघायचं होतं. पण रिकाम्या दुकानात बाबांना एकटं टाकून त्याला जायचं नव्हतं. आता दुकानाला नवी बाजू होती, काय आणायचं ते बाबांना कळलं होतं, गिऱ्हाईकाला दुकान कळलं होतं.

"आणि राहिले असते तर?" मी विचारलं.

"राहिले असते तर मीही राहिलो असतो, बाय. पडलेला माल बाबांच्या गळ्यात मारून कसा गेलो असतो?"

म्हणजे त्या अख्ख्या श्रावणात मी देवीकडे त्याचं जाणंच मागत होते. एकही राहू देऊ नकोस, असं म्हटलं होतं मी. देवीने शब्दाला शब्द ऐकलं.

चोपड्याच्या धक्क्यावर त्याला पोचवायला गेलो तेव्हा नदी तांबडी, फुगलेली होती. फेरीबोटीत दोन सायकली, एक माशांची पाटी घेतलेली बाई आणि भाई. बोट शिवोलीच्या बाजूला निघाली. बाबा म्हणाले, "वतलो म्हणपाचें सोडून जातलो म्हणटा! म्हाका कळचें तरी कशें?" त्यांना त्या सकाळी वेळेवर कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, कोण जाणे. आईला कळलं होतं, पण त्याचा तिला उपयोग झाला नव्हता.

पुढे बरंच काही झालं. दुकान चाललं, मग ते खेळ जुने झाले, मग बाबा गेले, आई गेली, नदीवर पूल झाला, फेरीबोट बंद झाली. मी शाळेत मराठी शिकवली आणि 'जाणे' हा धातू फळ्यावर लिहिताना दर वर्षी एक क्षण थांबले. भाई बोटीवरून उतरला तो दूरच्या बंदरातच उतरला, तिथेच त्याचं घर झालं. सुरुवातीला तो चवथीला यायचा. मग एक वर्ष आड, मग दोन वर्षं आड. अलीकडे फक्त फोन येतो, आणि आरतीच्या वेळी तो पलीकडून बेसूर गातो. मला त्याची आठवण येते. या वयात भावाची आठवण येऊन रडावं का, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

काल लेक म्हणाली, "आई, भाईमामाचा अंदाज बांध ना. यंदा येईल?" ती थट्टेत म्हणाली. मी मात्र उठून फोन लावला.

"भाई, औंदू चवथीक येतलो मरे?"

पलीकडून माझा भाऊ म्हणाला, "जातलें गो, बाय. जातलें."

बाबांच्या भाषेत म्हणाला असेल तर होईल, येणं होईल. आईच्या भाषेत म्हणाला असेल तर हेही वर्ष तसंच जाईल. मी विचारलं नाही. फोन ठेवला, माळ्यावर चढले आणि आमच्याकडचा सगळ्यात मोठा पाट खाली काढला. आज सकाळी तो धुऊनपुसून चित्रशाळेत ठेवून आले आहे. भिंतीला लावून, दारातून कुणालाही दिसेल असा.